फटफटीचा जामीन

आमच्या शेजारच्या दिगंबरकाकांकडे कोणी त्यांची मोटारसायकल विकत घ्यायला आला, की किल्ली हातात देण्याआधी काका त्याला एकच प्रश्न विचारत.

"मानूस कोनता ठेवून जाता?"

येणारा गांगरायचा. काका गाव विचारतील, आडनाव विचारतील, पैसे रोख देणार का विचारतील, एवढी त्याची तयारी असे. माणूस ठेवायचा म्हणजे काय, हे त्याच्या ध्यानात येत नसे. मग काका शांतपणे समजावून सांगत. गाडी चालवून पाहायची ना? खुशाल पाहा. पण तुम्ही परत येईपर्यंत तुमच्यातला एक जण इथे, कडुनिंबाखालच्या या बाजेवर बसून राहील. गाडी आली, की माणूस सुटला.

मी तेव्हा चिखलीच्या पोस्टात मास्तर होतो. नवं राज्य होऊन काही वर्षं झाली होती आणि गावात मोटारसायकली बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. काकांची त्यात सगळ्यांत जुनी. काका ढोरांच्या दवाखान्यात नोकरी करून निवृत्त झाले होते. डॉक्टर नव्हते, पण तालुक्यात त्यांना ढोरडॉक्टरच म्हणत, आणि ही चूक दुरुस्त करण्याची घाई त्यांनी कधी केली नाही. लसीची पेटी मागे बांधून ते याच फटफटीवरून गावोगाव हिंडले. त्यामुळे की काय, गाडी आणि म्हैस यांत ते फारसा फरक करत नसत. सकाळी इंजिनाला हात लावून "आज अंग गरम लागून राह्यलं" म्हणायचे. रात्री तिला दाव्याने कडुनिंबाला बांधायचे. दावं म्हणजे खरंच दावं, गुरांचं, गळ्याच्या गाठीसकट.

काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी अकोल्याला दिली होती. काकांचा उजवा गुडघा गेला, तेव्हा किक मारायला रोज सकाळी मला हाक येऊ लागली. शेवटी एक दिवस ते म्हणाले, "मास्तर, इकून टाकतो. पन जपून इकाची. खामगावच्या त्या व्यापाऱ्यावानी नाही."

खामगावच्या व्यापाऱ्याची गोष्ट मी नंतर इतक्यांदा ऐकली, की तो माझ्या नात्यातला वाटू लागला. "चक्कर मारून येतो म्हने. ह्यानं देल्ली किल्ली. आला का तो? सीधा बऱ्हाणपूरले गेला!" हा व्यापारी कधी सरकीचा असे, कधी मिरचीचा, एकदा तर भांड्यांचा झाला. बऱ्हाणपूर मात्र कायम राही.

माणूस ठेवून घ्यायची युक्ती त्यांनी बैलबाजारातून उचलली होती. "बैल औताले जुपून पाह्याले नेते, तवा कोनी जामीन राह्यते का नाही? मंग फटफटीले काऊन नाही?" मी म्हणालो, काका, बैलाचा जामीन नुसता शब्द देतो आणि आपल्या घरी जातो, त्याला कोणी बाजेवर बसवून ठेवत नाही. काकांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "शब्द काय मास्तर, शब्दही बऱ्हाणपूरले जाते."

जामिनाचे नियमही होते. दोस्त चालत नसे. "दोस्ताले सोडून मानूस पयते." साळा चाले. "साळ्याले टाकून गेला त घरी बायको उभा करत नाही." भाऊ चाले, पण वाटणीचा वाद नसेल तर. तसा वाद आहे का, हे ते दोघा भावांना समोरासमोर विचारत. नसलेला वादही त्यामुळे एकदा सुरू झाला.

रोहिणखेडचा एक जण एकटाच आला होता. बिचाऱ्याने बोटातली सोन्याची अंगठी काढून पुढे केली. म्हणाला, ही ठेवा. अंगठी चांगली जाड होती. काकांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली.

"ही काय बोलते का?"

तो माणूस रागावून गेला. मला तेव्हा वाटलं, काकांचं वय झालं.

गिऱ्हाईक गाडी घेऊन गेलं, की काका जामिनाकडे वळत. चहा होई. चहाचं दूध आमच्याकडून जाई. पुढे पोहे होऊ लागले, ते तर सगळेच आमच्याकडून जात. जामिनाला त्याच्या घरच्या गुरांची विचारपूस होई. कोणती गाय व्याली, कोणत्या वासराला हगवण लागली, सगळं. गाडीचा विषय निघत नसे.

आणि चक्कर लांबू लागली. सुरुवातीला काका म्हणत, कापसाच्या जिनापर्यंत जाऊन या. मग मेहकर रस्त्याच्या नाल्यापर्यंत झालं. त्यानंतर त्यांना गाडीचा चढ आठवला. "चढ पाह्यला का? राजूरचा घाट चढल्याबिगर गाडी घेते का कोनी!" राजूरचा घाट बुलढाण्याच्याही पलीकडे. गिऱ्हाईक तो चढून परत येईपर्यंत जामिनाचं जेवण, पान आणि एक झोप होत असे. एवढं करून गाडी काही विकली जात नव्हती. एकाला त्यांनी क्लच आवळतो म्हणून परत पाठवलं. एकाच्या बैलांचे खांदे सोललेले त्यांनी बाजारात पाहिले होते, म्हणून त्याला तर किल्लीसुद्धा दाखवली नाही. आमची सौभाग्यवती म्हणाली, "यांची गाडी इकल्या जात नाही तोवर आपनच एक म्हैस इकत घेऊ." मीही वैतागलो होतो.

अशात एका बाजाराच्या दिवशी डोणगावचा प्रल्हाद आला. तरणा, सरळ, कमी बोलणारा. बरोबर त्याचे वडील होते, सखारामआबा. काकांनी आबांना न्याहाळलं.

"कोन लागते?"

"बाप हाये माहा."

"चालन. बसा आबा."

आबा बसले आणि बसल्या बसल्या म्हणाले, की गुरांच्या खुरीवर, म्हणजे खुरांच्या रोगावर, लस काही कामाची नाही, चिखलात उभं करावं, बरं होते. काका ताडकन उठले. आयुष्यभर तालुक्याला लस टोचलेला माणूस तो. "कोनं सांगलं तुमाले?" "सांगाले कायले लागते? माह्या डोयानं पाह्यलं!" गल्लीत ऐकू जाईल असं भांडण जुंपलं. प्रल्हाद चक्कर मारून परत आला, तेव्हा दोघेही उभे होते आणि चहाचे कप खाली ठेवायचे राहून गेले होते.

काकांनी मान वळवून पाहिलं. "एवढ्या लवकर काऊन आला बे? ब्रेक पाह्यले का?"

प्रल्हाद पुन्हा गेला. पुन्हा आला. काका म्हणाले, "आता मांगं मानूस बसवून पाह्य. मास्तर, बसा. घाट चढून या."

अशा रीतीने सुट्टीच्या दिवशी, काहीही विकत घ्यायचं नसताना, मी राजूरच्या घाटात पोचलो. गाडी घाट चढली. खोकली, पण चढली. वर एका टपरीवर प्रल्हादने चहा सांगितला. मी म्हटलं, चला आता, उशीर होतो. तो हलेना.

"मास्तर, गाडी मले पहिल्याच चकरीत पसंत पडली. घाटाची काही गरज नोहोती."

"मग आलास कशाला?"

"बाबा वसरीत बसून राह्यतात दिवसभर. आई गेल्यापासून कोनाशी बोलत नाहीत. आज भांडून राह्यले." त्याने बशीत चहा ओतला. "काकांचंही तसंच दिसते. गाडी इकली, की त्या बाजेवर कोन येऊन बसन?"

इतके दिवस शेजारी राहून, इतकं दूध पुरवून जे मला दिसलं नव्हतं, ते याने एका चहात ओळखलं होतं. अंगठी बोलत नाही, असं काका म्हणाले होते ते मला आठवलं आणि फार वाईट वाटलं. आम्ही आणखी एकेक चहा घेतला.

परत आलो तेव्हा दोघं म्हातारे एकाच ताटातले मुरमुरे खात होते. खुरीचा निकाल लागला नव्हता. प्रल्हाद म्हणाला, गाडी घेतो, तुमचीच किंमत. काकांना आता काही खोड काढता येईना. मुलाचा क्लचवरचा हात चांगला होता, बाप रक्ताचा होता. त्यांनी बाजेकडे एकदा पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "मंग कागद करू."

कागदांच्या बाबतीत ते पक्के होते. स्वतः त्याच्याबरोबर कचेरीत खेटे घातले, गाडी प्रल्हादच्या नावावर चढल्याची खात्री केली आणि मगच एका बाजाराच्या दिवशी ती न्यायला बोलावलं. बापलेक दोघेही आले. काकांनी गाडी पुसली. कडुनिंबाचं दावं सोडलं आणि घडी करून दारामागच्या खुंटीला टांगलं. आपल्याकडे जनावर विकतात, पण दावं देत नाहीत. गोठा ओस पडू नये म्हणून ते घरात राहतं. आबांनी मान हलवली. त्यांना ते सांगावं लागलं नाही.

प्रल्हादने किक मारली. आबा मागे बसले. काका बाजेवर जाऊन बसले आणि रस्त्याकडे न पाहता धोतराचा सोगा नीट करत राहिले. मला तिथे उभं राहवेना.

गाडी फाटकापर्यंत गेली आणि थांबली.

"काका," प्रल्हाद वळून म्हणाला, "बाजारात जाऊन येतो. गाडी जुनी, मी नवा. काही भरवसा नाही. मानूस ठेवून जातो."

आबा उतरलेसुद्धा. काकांनी पहिल्या दिवशीसारखं आबांना न्याहाळलं. मग घसा खाकरून त्यांनी विचारलं, "रक्ताचा हाये ना?"

"हाव. बापच हाये."

"मंग ठेव."

त्या दिवसापासून दर बाजाराला हा प्रकार सुरू झाला. गाडी प्रल्हादची, कागद प्रल्हादचे, तरी सकाळी तो जामीन ठेवून जाई. आबांचा फेटा दाव्याशेजारच्या खुंटीला लागे आणि खुरीवर वाद सुरू होई. माझी बदली होईपर्यंत तो मिटलेला नव्हता. दूध आमच्याकडूनच जाई. सौभाग्यवती आता न मागता पाठवी.

दिवस कलला, की प्रल्हाद वडिलांना सोडवायला येई. फटफट ऐकू आली तरी बाजेवरून कोणी उठत नसे. काका मान वर करून कपाळाला आठ्या घालत.

"एवढ्या लवकर काऊन आला बे? चढ पाह्यला का?"

"पाह्याचा राह्यला काका," प्रल्हाद म्हणे, आणि गाडी वळवून पुन्हा निघून जाई.