चौसष्टांतला एकच गावकरी

"गावात एकच पोर राहतं म्हणे," शेजारच्या टेबलावरची स्टोयन्का कॉफीच्या कपात बघत पुटपुटली. "मग रोज माझ्या खिडकीखाली केकाटतात ती कुठली?"

रादोस्टीनानं घड्याळाकडे पाहिलं. पालिकेच्या बालवाडीची प्रवेशयादी बाराच्या ठोक्याला दारावर लागायची होती, खाली सही तिची, आणि सव्वाअकरा झाले होते. एक्सेलनं चौसष्ट अर्ज तपासून त्रेसष्ट मुलांना गावाबाहेरची ठरवलं होतं. उरला फक्त म्हाताऱ्या मेतोदीआजोबांचा नातू.

"आजोबांची वट असेल वरपर्यंत," स्टोयन्का म्हणाली.

"त्यांची? अगं, त्यांना बेकरीच्या रांगेतसुद्धा कुणी पुढे सोडत नाही."

तिनं अर्ज शेजारी शेजारी उघडले. बाकी सगळ्या पालकांनी नावाचं पहिलं अक्षर मोठं, म्हणजे कॅपिटल, आणि बाकीची लहान टाइप केली होती. आजोबांना दिसतं कमी, म्हणून त्यांनी सगळंच मोठ्या अक्षरांत बडवलं होतं. एक्सेल अर्ज ज्याच्याशी ताडून बघायचं त्या रहिवाशांच्या नोंदवहीतही नावं मोठ्याच अक्षरांत होती.



"काल तू काय केलंस नक्की?" स्टोयन्कानं विचारलं.

"काही नाही गं. आवरलं फक्त."

निवृत्त झालेल्या झाप्र्यानकाकांनी एक्सेलकडून हे काम करून घेणारा सगळा मॅक्रो एकाच लांबलचक मॉड्यूलमध्ये कोंबला होता. रादोस्टीनानं कपाट लावावं तशी त्याची तीन मॉड्यूलं केली: नावं जुळवायचं एक, प्रवेशाच्या गुणांचं एक, छपाईचं एक. जुन्याच्या माथ्यावर एकच ओळ होती, मोठी-लहान अक्षरं सारखीच धरावीत अशी. ती ओळ ज्या मॉड्यूलवर असते तेवढ्यापुरतीच चालते. नावं नव्या घरी गेली, ओळ जुन्या घरी राहिली.

तिनं ओळ नव्या मॉड्यूलच्या माथ्यावर लिहिली आणि मॅक्रो चालवला.

चौसष्टच्या चौसष्ट गावचे.

"देव पावला," म्हणत स्टोयन्कानं बानित्साचा, चीज भरलेल्या खारीचा, मोठा तुकडा तोंडात टाकला. तेवढ्यात विभागप्रमुख कालुदोवा मॅडम आत आल्या.

"जमलं?"

"हो मॅडम. सगळे इथलेच निघाले."

"सगळे?" मॅडमनी खुर्ची ओढली. "आईबाप नोकरीला?"

"सगळ्यांचे. गुणही सारखेच."

मॅडमनी पडद्यावरची नावं वरपासून खालपर्यंत बोटानं मोजली. वरच्या आळीतली बालवाडी त्यांनीच छपराच्या दुरुस्तीसाठी म्हणून बंद केली होती, त्याला दीड वर्ष झालं. कार्यालयात तो विषय कुणी काढत नसे.

"ती मघाची यादी," त्या हळूच म्हणाल्या, "पुसलीस का गं?"

"मॅडम, ती चुकीची होती."

"चुकीची होती, मान्य आहे. पण त्रेसष्ट जणांना सांगायला काहीतरी कारण तरी होतं."

स्टोयन्काचं चावणं थांबलं. बाहेर बाराचे टोल पडले. काचेपलीकडे आया, बाप, आज्या दाराला चिकटून उभ्या होत्या. रादोस्टीना मॅडमकडे बघत राहिली. मॅडम कीबोर्डकडे बघत होत्या.

मग ती रिकाम्या हातानं उठली आणि तिनं दार उघडलं.

"यादी कुठंय बाई?" पुढच्या बाईनं विचारलं. "कॉम्प्युटर बिघडला ना? आम्हाला वाटलंच."

"कॉम्प्युटर चांगला आहे," रादोस्टीना म्हणाली. "मुलं चौसष्ट आहेत. जागा अकरा."