बंद होईना मंगलाष्टक

गुंजनचं लग्न झालं ते वर्ष दोन हजार तेवीस. मे महिना होता, आणि सक्करदऱ्याच्या मंगल कार्यालयातले कूलर थंड हवेऐवजी नुसता आवाज फेकत होते. गुंजन ही कवडू भोयरांची थोरली नात. भोयरांच्या घरचं एकही लग्न कवडूजींच्या मंगलाष्टकांवाचून लागलेलं नव्हतं. गळा खणखणीत. शेवटच्या 'सावधान'ला ते उजवा हात वर करत. तो हात दिसला की बाहेर बँड सुरू, आणि बँड वाजला की लग्न लागलं, असं साऱ्या नात्यागोत्यात ठरूनच गेलेलं.

पण आदल्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. उरली नुसती फुसफुस. गुंजनच्या लग्नाची बोलणी सुरू झाली, तसे कवडूजी भरल्या ताटावरून उठू लागले. कारण कोणी विचारलं नाही. सगळ्यांना ते ठाऊक होतं.

गुंजनचा भाऊ दुर्गेश मिहानमधल्या एका कंपनीत प्रोग्राम लिहायचा. त्याला आजोबांची एक जुनी कॅसेट सापडली. त्याने ती कॉम्प्युटरवर उतरवली, खरखर काढली आणि त्यावर एक ॲपच बनवलं. ऐन मुहूर्तावर बटण शोधत बसायला नको, म्हणून ॲप उघडताच मंगलाष्टकं आपोआप सुरू होत.

"आबाजी, हे कोणत्याबी कॉम्प्युटरवर चालते. माह्या लॅपटॉपवर चालते अन् कार्यालयातल्या डब्ब्यावरबी," दुर्गेश म्हणाला.

घरी लॅपटॉपवर त्याने ते चालवून पाहिलं. सुरू झालं, संपलं, बंद केलं, बंद झालं. कार्यालयाच्या कॉम्प्युटरवरही सुरू करून पाहिलं. दोन ओळी ऐकल्या, आवाज छान भरला होता, तेवढ्यात कोणीतरी चहाला हाक मारली. जाताना त्याने सरळ कॉम्प्युटरच बंद केला. ॲप बंद होतं का, हे पाहायचं राहिलं.

मुहूर्ताला अंतरपाट धरला गेला. कवडूजी पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले होते, नवं धोतर नेसून. भोंग्यातून त्यांचाच तरणा आवाज निघाला आणि मांडव चिडीचूप झाला. नवरदेवाचे वडील रुपरावजी वाकून म्हणाले, "इवाईबुवा, काय गळा होता गा तुमचा!" कवडूजींनी उपरण्याने डोळे टिपले.

शेवटचं 'सावधान' झालं. अक्षता उडाल्या, बाहेर बँडवाल्या गोलूने काठी उगारली, आणि दुर्गेशने ॲप बंद केलं.

पडद्यावर चौकट आली: 'आवाज वापरात आहे. ॲप बंद करता आलं नाही.' खाली एकच बटण, 'पुन्हा प्रयत्न करा'. दुर्गेशने ते दाबलं. चौकट गेली, ॲपची खिडकीही गेली, आणि भोंग्यातून पहिलं मंगलाष्टक पहिल्यापासून सुरू झालं.

गोलूने काठी खाली घेतली. अर्धा ओढलेला अंतरपाट भटजींनी पुन्हा वर केला. मंगलाष्टक सुरू असताना हार घालणार कसे?

"दुसऱ्यांदा म्हणत असतील यांच्यात," वरपक्षाची एक बाई म्हणाली, आणि सगळ्यांनी पुन्हा मुठीत अक्षता घेतल्या.

दुर्गेशला घाम फुटला. थांबवायची खिडकीच नाही, तर थांबवणार कुठून? त्याने खिडकी मिळावी म्हणून ॲप पुन्हा उघडलं. उघडताच ते आपोआप सुरू झालं. ती नवी खिडकी बंद केली, तर पुन्हा तीच चौकट, तेच बटण, आणि तीही गेली. आता दोन कवडूजी गात होते, एक पुढे, एक मागे. एकाचं 'सावधान' झालं की अक्षता पडत, तोवर दुसरा तिसऱ्या अष्टकात असे. त्याचं 'सावधान' झालं की पहिला पुन्हा 'स्वस्ति श्री'वर.

अक्षता संपल्या. बायका स्वयंपाकघरातून तांदळाचं घमेलं घेऊन आल्या. मागून आचारी ओरडत आला, "अवो बाई, मंग भात कायचा करू?"

दुर्गेशने कोपऱ्यात जाऊन ऑफिसातल्या सुशीलला फोन लावला.

"अबे, खिडकी गेली, पण आवाजाचं काम मागं सुरूच हाय!"

"तू पहिले खिडकी बंद करून राहिला असशीन अन् मंग आवाज," सुशील म्हणाला. "उलटं पायजे. पहिले आवाज थांबवाचा, मंग खिडकी. तुह्या लॅपटॉपनं घेतलं चालवून. थो डब्बा नाई घेत. मागं सुटलेला आवाज संपला का पुन्हा पहिल्यापासून लागते."

"आता काय करू थे सांग न!"

"प्लग काढ. अन् मागं काय सुरू हाय बे? दोघं दोघं काहून गाऊन राहिले?"

दुर्गेश प्लगकडे धावला. वाटेत आजी, रंभाबाई, हात पसरून उभी.

"खबरदार! चालू मंगलाष्टक मधातून तोडतं काय? बहिणीचं लगन हाय का खेळ हाय?"

"आजी, थे मशीन होय वं!"

"आवाज तं तुह्या आबाचा हाय न! संपू दे, मंग काढ."

"संपतच नाई न थे! एक संपते तं दुसरं सुरूच राह्यते!"

दोघांनी रुपरावजींकडे पाहिलं. रुपरावजी गंभीरपणे म्हणाले, "बाई बरोबर म्हणते. मधात तोडणं चांगलं नाई. पण मुहूर्त टळून राहिला बाप्पा."

अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले. पलीकडून गुंजनचा आवाज आला, "आई, हार लय जड हाय वं." भटजींनी घड्याळ पाहिलं. मुहूर्त टळायला थोडाच अवकाश होता.

कवडूजी मात्र खुर्चीत डोळे मिटून बसले होते. मान हळूहळू डोलत होती. दुर्गेश त्यांच्या पायाशी येऊन बसला. "आबाजी, काहीतरी करा न. सारं लगन अडकलं."

कवडूजींनी एक बोट वर केलं. थांब. तसेच ऐकत राहिले. मग डोळे उघडले, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि मांडवाच्या मधोमध जाऊन त्यांनी उजवा हात वर केला.

गोलू त्याचीच वाट पाहत होता. त्याने असा काही बँड वाजवला की भोंग्यातले दोन्ही कवडूजी त्यात बुडून गेले. अंतरपाट खाली आला. हार पडले. टाळ्या झाल्या. त्या दणदणाटात दुर्गेशने प्लग उपटला. कोणत्या शब्दावर तुटलं ते कोणालाच ऐकू आलं नाही, म्हणून ते तुटलंही नाही. भात जरा कमी पडला. पोळ्या भरपूर होत्या.

संध्याकाळी पाठवणी झाल्यावर रंभाबाईंना एकदम आठवलं.

"अवो, बँडवाला मघाचाच उभा होता. तुमी पहिलेच काहून नाई केला हात वर?"

कवडूजी पान लावत होते. फुसफुसत म्हणाले, "चौथं अष्टक अजून यायचं होतं वं. त्यातली ती तान..."

दुर्गेशने आठवडाभरात ॲप दुरुस्त केलं. आता पहिले आवाज थांबतो, मग खिडकी बंद होते, आणि कार्यालयातल्या डब्ब्यावरही ते मुकाट बंद होतं. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवरही ॲप तसंच अडायचं; त्यावर मात्र कवडूजींनी नवं घालू दिलं नाही. दुपारी जेवण झालं की ते ॲप लावत, संपलं की नेमाने बंद करत, आणि चौकट आली की बटण दाबत.

"बंद करा न आता थे!" रंभाबाई आतून ओरडत.

"बंदच होत नाई वं," कवडूजी फुसफुसत आणि खुर्चीत मागे रेलत.

कवडू भोयर दोन हजार पंचवीसच्या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, राहत्या घरी वारले.