अप्पांच्या मंडळींच्या उवा

"उवांचं औषध द्या," मन्मथअप्पा म्हणाले.

पेडगावात माझं मेडिकल आहे, उवांचं मला नवल नाही. "किती जणांसाठी?" मी विचारलं.

"असतील हजारभर."

मी चष्मा वर केला. "अप्पा, कोणाच्या डोक्यात झाल्यात?"

"डोक्यात न्हाई वो. पोटाखाली, परांपाशी. मंडळी लय अंग घासायलीत."

मंडळी म्हणजे अप्पांच्या शेततळ्यातले मासे. अप्पा लिंगायत, गळ्यात इष्टलिंग, घरात कधी अंडंसुद्धा आलेलं नाही. 'मासा' हा शब्ददेखील ते तोंडाने उच्चारत नाहीत. तळ्यात मासे सोडले ते मुलाने. पुण्याला नोकरी लागली तसा तो गेला आणि मासे वडिलांच्या गळ्यात पडले. अप्पांच्या घरच्या काकू आधीच वारल्या होत्या. सुरुवातीला अप्पा तळ्याकडे पाठ करून बसायचे. मग उपाशी जीव बघवेनात म्हणून पेंड टाकायला लागले. पुढे तर काठावर उभं राहून लग्नातल्यासारखं ओरडायचे, "चला मंडळी, जेवायला!" त्यातला एक दांडगा रोहू सगळ्यांना ढकलून आधी पुढे यायचा. त्याचं नाव त्यांनी सरपंच ठेवलं होतं.

"माणसांचं औषध तळ्यात ओताल तर सगळे मरतील," मी म्हणालो.

अप्पा मटकन स्टुलावर बसले. "मग काय करू? बिचाऱ्यांना हात बी न्हाईत खाजवायला."

मी माशांची पिल्लं विकणाऱ्या ओळखीच्या माणसाला फोन लावला. त्याने उपाय सांगितला: थोडे थोडे मासे काढून मिठाच्या पाण्यात बुडवायचे, मासा कलंडायला लागला की लगेच तळ्यात सोडायचा. शिवाय तळ्यात फळ्या उभ्या करायच्या. उवा त्यांच्यावर अंडी घालतात. त्या फळ्या अधूनमधून बाहेर काढून उन्हात कडक वाळवायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान बंद ठेवून मी गेलो. जाळं माझ्याकडे. अप्पा टबाजवळ, पण हात मागे बांधून. "तुमी धरा, मी बघतो," असा करार होता. माशाच्या अंगावर वाटाण्याच्या सालपटासारख्या चपट्या उवा चिकटलेल्या. मिठाच्या पाण्यात त्या सुटायला लागल्या की अप्पा खूश. "सुटली! ती बघा, दुसरी बी सुटली!"

सरपंचाची पाळी आली. त्याला टबात सोडलं आणि माझा पाय जाळ्यात अडकला. तेवढ्यात सरपंच टबात आडवा झाला.

"आवो, उचला की!" अप्पा ओरडले, आणि माझी वाट न पाहता दोन्ही हात पाण्यात घातले. मासा निसटायला लागला तसा त्यांनी तो छातीशी, थेट इष्टलिंगाशी कवटाळला आणि धावत जाऊन तळ्यात सोडला. सरपंचाने शेपटी मारली, खाली गेला.

अप्पा ओल्या सदऱ्याकडे बघत राहिले. "जीव हाय त्यो बी," ते म्हणाले. "देव काय रागवायचा न्हाई."

फळ्या वाळवून वाळवून उवा हटल्या. मी स्वतः जाळं टाकून पाहिलं, मासे लखलखीत झाले होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सेलूचा व्यापारी मासे न्यायला टेम्पो घेऊन आला. नेमका मीही तिथेच होतो.

"आज जमत न्हाई," अप्पा म्हणाले. "उवा अजून गेल्या न्हाईत."

व्यापाऱ्याने पाण्यात पाहिलं, मग माझ्याकडे. "मेडिकलवाले, खरं का?"

अप्पांची नजर जमिनीवर होती.

"कोर्स चालू आहे," मी म्हणालो. "मध्येच तोडता येत नाही."

टेम्पो रिकामा गेला. अप्पा काठावर बसले, मीही बसलो.

"पोराला सांगू नका," ते हळूच म्हणाले. "रोज फोन करतोय त्यो. 'अप्पा, इकले का? अप्पा, इकले का?' एकदा इकले म्हणलं, की मग कशाला फोन करील?"