लोक म्हणजे कोण?

बाळारामच्या प्राजक्ताबद्दल मी जे बोललो ते बोलायला नको होतं. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर तिच्या गमती सांगता सांगता मी स्वतःला हळूच बाजूला काढून घेईन. ती सवय मला आहे.

तर प्राजक्ता. आमच्या शेजारच्या बाळारामची धाकटी. ही मुलगी कोणाच्याही घरी गेली की चहा फक्त कान तुटलेल्या कपात प्यायची.

किन्हवलीच्या अलीकडे आमचं गाव. इथे जवळजवळ प्रत्येक घराच्या पडवीत एक कोनाडा असतो आणि त्यात असाच एक कान तुटलेला कप असतो. घरातलं कोणी तो वापरत नाही. डोंगरावरच्या आदिवासी वाडीतली माणसं मजुरीला किंवा रानभाजी घेऊन आली की त्यांचा चहा त्यात. पिऊन झाला की तीच तो विसळून परत कोनाड्यात ठेवतात. हे कोणी ठरवलं, माहीत नाही. कोणी ठरवलेलंच नसल्यामुळे कोणी मोडायचं, हा प्रश्नही आला नव्हता.

प्राजक्ता आमच्याकडे आली, पुढ्यातला चांगला कप तिने बाजूला सारला आणि कोनाड्याकडे बोट केलं. "काकू, त्यात द्या."

"अगो, तो आपला नाय," माझी बायको म्हणाली.

"मंग कोनाचा?"

"वाडीवरच्यांचा."

"ते आता कुठं आलेत? तोवर मी पिते."

अशी ती गावभर चहा पिऊन आली. वाद नाही, भाषण नाही. चहा प्यायचा, कप विसळायचा, जागेवर ठेवायचा, निघायचं. आमच्या आयाबायांना ते भाषणापेक्षा जास्त झोंबलं. कोनाडे एकेक करून रिकामे झाले. एका घरात तर फारच मोठी सुधारणा झाली. त्यांनी शहापूरहून फुलाफुलांचा, कान शाबूत असलेला नवा कोरा कप आणला आणि तो कोनाड्यात ठेवला.

तिची दुसरी खोड याहून वाईट. "लोक म्हणतात" असं तिच्यासमोर कोणी म्हणायची सोय नव्हती. लगेच विचारायची, "लोक म्हंजे कोन? नाव सांगा." आणि नाव सांगितलं की खरोखरच त्या माणसाकडे जायची.

बारावीला तिला चांगले मार्क पडले. मुरबाडच्या कॉलेजात नाव घालायचं ठरलं होतं. तेवढ्यात तिने जाहीर केलं की ती एक वर्ष थांबणार. बाहेरच्या देशात म्हणे मुलं असा गॅप घेतात. आमच्याकडे गॅप असतो तो दातांत, नाहीतर दोन एसट्यांमध्ये. मुलगी शिकता शिकता घरी बसली याचे आम्हाला तीनच अर्थ ठाऊक : नापास झाली, आजारी पडली, किंवा ते तिसरं, जे आवाज खाली घेऊन सांगतात. माझ्या मुलाने, निलेशने, तर बालवाडीपासून इंजिनीअरिंगपर्यंत श्वास घ्यायलाही गॅप घेतलेला नाही, हे मी तेव्हा चारचौघांत सांगत असे.

तिची आई रडायला लागली. "लोक काय बोलतील गो?"

"थांब, विचारून येते," प्राजक्ता म्हणाली आणि चपला घालून निघाली.

घरोघर गेली. "काकी, मी एक वर्ष थांबले तर तुमी काय बोलनार हाव का? आत्ताच सांगा." तोंडावर विचारल्यावर कोण काय बोलणार? "नाय गो बाय, आमी कशाला बोलू?" मी चपलेचा अंगठा शिवत पायरीवर बसलो होतो. मीही म्हणालो, "छे छे! तुझं आयुष्य, तुझं वर्ष." वाक्य मला स्वतःलाच इतकं आवडलं की मी ते दोनदा म्हणालो.

संध्याकाळी तिने बापाला सांगितलं, "बाबा, लोकांना इचारून आले. कोनी काय बोलनार नाय."

बाळाराम हा कमी बोलणारा, भातशेतीतला माणूस. त्याने डोकं खाजवलं आणि वर्ष देऊन टाकलं.

त्या वर्षात तिने काय केलं? भाताच्या आवणीला उतरली आणि रोपं इतकी वाकडी लावली की बाळारामने तिला बांधावर बसवून गाणी म्हणायला सांगितलं. म्हाताऱ्यांना प्रश्न विचारून हैराण केलं. "आबा, संस्कार म्हंजे नक्की काय वो? पाया पडायचं, का पाया पडणाऱ्याला वर घ्यायचं?" आबांनी उत्तर द्यायचं टाळण्यासाठी कानाला कमी ऐकू येतं असं सोंग घेतलं, ते आजतागायत.

आणि रोज दुपारी ती डोंगरावरच्या वाडीत जायची. का, ते सांगायची नाही. सगळ्या जगाला प्रश्न विचारणारी ही मुलगी या एका प्रश्नाला फक्त "काम हाय" म्हणायची.

मी शहापूरच्या कचेरीत कारकून. एकदा संध्याकाळच्या एसटीतून फाट्यावर उतरलो, तर एका मोटारसायकलीच्या मागे बसून प्राजक्ता आली. चालवणारा वाडीवरचा पोरगा. ती उतरली, तो वळून गेला. एवढंच मी पाहिलं. बाकीचं घरी पोचेपर्यंत माझं मीच तयार केलं.

पुढे म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेत बाळाराम आणि मी बैल बघत हिंडत होतो. बाळाराम एका खोंडाचे दात तपासत होता. मी जवळ सरकून म्हणालो, "तुझ्या पोरीचं जरा बघ. वाडीवरच्या पोराच्या गाडीवर असते. लोक म्हणतात."

त्याने खोंडाचं तोंड सोडलं. बैल न घेताच आम्ही परत आलो.

दुसऱ्या दिवसापासून प्राजक्ताचं वाडीत जाणं बंद. पुढच्या वर्षीचं कॉलेजही रद्द. मुरबाडकडचं एक स्थळ होतं, त्यांना बघायला बोलवायचं ठरलं.

प्राजक्ता पुन्हा चपला घालून निघाली. या खेपेला प्रश्न वेगळा होता : "माझ्याबद्दल बाबांना कोन बोललं?" मी तिला अंगणात येताना पाहिलं आणि पेपर तोंडापुढे धरला.

"मधुकाका, तुमाला म्हाईत हाय का कोन?"

"अगं, लोकांचं काय धरायचं..."

"तुमी नव्हं, ते म्हाईत हाय मला. तुमी बोल्लेलाव ना, तुझं वर्ष म्हनून. तुमचं नाव मी पयलंच गाळलं."

ती गेल्यावर बायको म्हणाली, "पेपर उलटा हाय."  तिला कळलं होतं.

दोन-तीन दिवसांनी दुपारी तीच मोटारसायकल आमच्या दारात थांबली. रस्त्यावरचं पहिलं घर आमचंच. तो पोरगा गाडीपाशीच उभा राहिला आणि मागून उतरलेली मुलगी पडवीच्या खाली येऊन थांबली.

"प्राजू आजारी हाय का वो? येत नाय कंदीची."

"तू कोण?" मी विचारलं.

"सविता. आमी पाचवीपासून एका बाकावर."

मग बायकोने तिला वर बोलावून बसवलं आणि सगळं विचारून घेतलं. सविताच्या घरचे बारावीच्या वर्षी दिवाळीनंतर वीटभट्टीवर कामाला गेले. धाकट्यांना सांभाळायला तिला जावं लागलं आणि बारावीची परीक्षा बुडली. यंदा ती आजीपाशी राहिली होती. प्राजक्ता रोज येऊन तिच्याबरोबर अभ्यास करायची. उशीर झाला की सविताचा भाऊ, जो किन्हवलीला गॅरेजात कामाला होता, तो तिला फाट्यावर सोडायचा.

"मला बोलली, तिला म्होरं शिकायचा कटाळा आलाय, घरी बसून इसरंल, म्हनून माझ्यासंगं वाचते," सविता म्हणाली. "मला खरंच वाटलं. परवा भाऊ बोल्ला, कटाळा आलाय ती रोज डोंगर कशाला चढंल? ती माझ्यासाठी थांबलीय. आधी कळलं असतं तर मी तिला येवच दिलं नसतं."

बायको माझ्याकडे बघत होती. परीक्षा महिन्यावर आली होती.

मी तसाच उठून बाळारामकडे गेलो. तो खळ्यावर पेंढा रचत होता. म्हटलं, "जत्रेत मी बोललो ना, लोक म्हणतात. कोणी म्हणत नव्हतं. मीच." मग सविताचं सगळं सांगितलं.

बाळारामने हातातला भारा खाली ठेवला. "तू?" एवढंच म्हणाला. मग घराकडे तोंड करून ओरडला, "प्राजू! जा, तुझी मैतरीन आलीय. आनि त्या मुरबाडवाल्यांना मी 'नाय' म्हनून कळवतो."

प्राजक्ता दारातच उभी होती. सगळं ऐकलं होतं तिने. ती रागावेल, ओरडेल, निदान एखादा प्रश्न तरी विचारेल, असं वाटलं. तिने ओढणीने डोळे पुसले.

"तिच्याबिगर बाकावर बसायला नको वाटतं, काका. कॉलेजात मी एकटी काय करू?" मग म्हणाली, "माझी माफी नका मागू. माझ्याबद्दल बोल्लाव ते सोडा. सविताच्या भावाबद्दल काय बोल्लाव, त्याला तर म्हाईत पन नाय."

ती चपला न घालताच सविताकडे पळाली. मी मागून चालत आलो. दोघी पडवीत एकमेकींना धरून बसल्या होत्या आणि माझी बायको उगाचच त्यांना ओरडत होती, "रडता काय गो, अभ्यास करा!"

तो अजून गाडीपाशीच उभा होता, उन्हात. त्याला वर ये म्हणायचं आमच्यापैकी कोणाला सुचलं नव्हतं. मी त्याच्याजवळ गेलो. जत्रेत मी त्याला 'वाडीवरचा पोरगा' म्हणालो होतो, आणि अजूनही माझ्याकडे त्याच्यासाठी दुसरा शब्द नव्हता.

"तुझं नाव काय?"

"मारुती." तो जरा बिचकला. "का वो? गाडी काढू का हितून?"

"नको, राहू दे," मी म्हणालो. "मारुती, तू त्या पोरीला नीट घरी पोचवत होतास आणि मी तिच्या बापाला तुझ्याबद्दल वाईट सांगितलं. काही माहीत नसताना सांगितलं. माझं चुकलं. मला माफ कर."