लाल मोजे आणि तेरा मजले

पांग उस्तादांनी यिनबाईंना आपलं वय एकोणसाठ सांगितलं होतं. खरं वय बहात्तर. मधली तेरा वर्षं त्यांनी कुठे ठेवली होती, ते त्यांनाच ठाऊक. यिनबाई गणिताच्या निवृत्त शिक्षिका. त्या विधवा, हे विधुर. बाई नुकत्याच मुलीकडे ताईयुआनला राहायला आल्या होत्या. आज उस्ताद त्यांना शहर दाखवणार होते; दिवस नीट गेला, तर नव्या वर्षाचे मोमो दोघांनी एकत्र खायचे, असं त्यांनी मनोमन पक्कं केलं होतं.

निघताना धाकट्या बहिणीनं, ग्वेलाननं, दार अडवलं.

"दादा, लाल मोजे घाल. ड्रॅगनचं वर्ष आहे, तुझं जन्मवर्ष फिरून आलंय. अंगावर लाल नसलं की संकट येतं."

"कुणी बघितलं तर?"

"विजार लांब आहे की! आणि संकटाला दिसले म्हणजे झालं."

उस्तादांनी मोजे चढवले. संकट त्या क्षणापासून सुरू झालं.

जुळ्या मनोऱ्यांच्या तिकीट-खिडकीवर पाटी होती: पासष्टच्या पुढे मोफत, साठच्या पुढे अर्धं, ओळखपत्र दाखवा.

"काका, तुमचं मोफत असेल. कार्ड द्या," खिडकीतली मुलगी म्हणाली.

"काका कुणाला म्हणतेस? दोन पूर्ण दे!"

"माझं अर्धं हो," यिनबाई शांतपणे म्हणाल्या. "मला साठ पूर्ण झालीत. लपवायचं काय त्यात?"

एक पूर्ण आणि एक अर्धं तिकीट घेऊन दोघं आत गेली. बाईंनी हातातली पिशवी उस्तादांकडे दिली. "तुम्ही तरुण. धरा. आणि वर चढू या ना, मजा येईल."

मनोऱ्याला तेरा मजले. आतला जिना अंधारा, अरुंद आणि शिडीसारखा उभा. तरुण माणूस म्हणून उस्ताद पुढे झाले. चौथ्या मजल्यावर त्यांच्या गुडघ्यानं आवाज दिला. सातव्यावर दुसऱ्या गुडघ्यानं त्याला उत्तर दिलं. दहाव्यावर ते थांबले आणि म्हणाले, "इथलं वीटकाम बघण्यासारखं आहे." अंधारात वीट दिसत नव्हती.

मागून येणाऱ्या यिनबाईंना मात्र मोबाईलच्या उजेडात नाकासमोर सतत काहीतरी लाल दिसत होतं. उभ्या जिन्यावर पुढच्यानं पाय उचलला की विजारही वर सरकते.

वर खिडकीशी वारा होता. खाली सगळं ताईयुआन पसरलं होतं. उस्तादांचा श्वास कुठेतरी नवव्या मजल्यावर राहिला होता.

"उस्ताद," बाई म्हणाल्या, "लाल मोजे जन्मवर्ष फिरून आलं की घालतात. ते येतं दर बारा वर्षांनी. एकोणसाठला बारानं भागलं. बाकी अकरा उरते."

"मग... साठ धरा."

"साठीच्या गुडघ्यांचं असं भजन नसतं."

उस्ताद खिडकीच्या कट्ट्यावर बसले. "बहात्तर," ते पुटपुटले. "चाळीस वर्षं व्हिनेगरच्या कारखान्यात काढली, बाई. तिथं जुन्या मालाला भाव. बाहेर आलो, तर उलटा बाजार."

बाईंनी बाही मागे सरकवली. मनगटावर लाल दोरा होता.

"माझंही वर्ष हेच."

उस्तादांचा चेहरा उजळला. काळजावरचा धोंडा उतरल्यासारखे ते ओरडले, "अरे वा! म्हणजे तुम्हीही बहात्तरच!"

वारा थांबला. बाईंचं साठीचं अर्धं तिकीट उस्तादांच्याच खिशात होतं. बाई वळल्या आणि जिना उतरू लागल्या.

उस्ताद खाली पोचेपर्यंत अंगण रिकामं. संपलं सगळं, असं म्हणत ते फाटकाशी आले, तर यिनबाई ठेल्यावरून दोन वाट्या गरम शेवयांचा रस्सा घेऊन बाकावर बसल्या होत्या. एकीत त्यांनी व्हिनेगर ओतलं.

"जुनं आहे ना हे?" त्यांनी विचारलं.

"पाच वर्षांचं तरी असेल," वास घेऊन उस्ताद भीत भीत म्हणाले.

"हं."

दुपारी जिन्त्सीच्या देवळापाशी यिनबाई तिकीट-खिडकीशी एकट्याच उभ्या राहिल्या. "एक अर्धं, एक मोफत."

"मोफतवाले कुठे आहेत?"

"येतायत मागून. माझी पिशवी घेऊन."