न वाजलेल्या पियानोची समीक्षा

"याचा आवाज तर शून्यावर आहे," बायको म्हणाली आणि तिने हेडफोनच्या वायरीवरचं छोटं चाक अंगठ्याने वर सरकवलं.

दुपारचे सव्वातीन वाजले होते. तिचा स्वतःचा हेडफोन नुकताच बंद पडला होता. दिवसभर घरूनच फोनवर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकून घ्यायचं तिचं काम, तेव्हा तिने नवऱ्याचा उचलला. नवरा सोफ्यावर पाय ताणून पडला होता. बारा वाजता समीक्षा पाठवून झाली होती, आणि जन्मात पहिल्यांदा आपण काहीतरी ठाम लिहिलं या समाधानात त्याला डुलकी लागत होती. तो ताडकन उठून बसला.

"कधीपासून शून्यावर आहे?"

"मी पंधरा दिवसांपूर्वी घेतला होता ना, तेव्हा एक गिऱ्हाईक कानात किंचाळत होतं. मी आवाज बंद केला आणि नुसती हो-हो म्हणत राहिले. तू नंतर वाढवला नाहीस?"

"नाही."

"मग पंधरा दिवस कानाला लावून ऐकत काय होतास?"

या प्रश्नाला उत्तर होतं, आणि ते बाराशे शब्दांत लिहून, नऊ पूर्णांक पाच गुण देऊन, कार्यालयात पोचलंही होतं. नवरा एका वेबसाइटसाठी व्हिडिओ गेमची समीक्षा करायचा. मोठमोठे, जाहिराती झळकणारे गेम ज्येष्ठांकडे जायचे. याच्या वाट्याला यायचे ते मधले: दोघातिघांनी घरी बसून केलेले, धड गाजणारे नाहीत आणि धड पडणारेही नाहीत असे. अशा गेमबद्दल जगातल्या समीक्षकांचं कधी एकमत होत नाही. एकाला जे संथ वाटतं ते दुसऱ्याला तरल वाटतं. या गोंधळात सापडायला नको म्हणून आपला माणूस आधी इतरांचे गुण बघायचा, त्यांची सरासरी काढायचा आणि साडेसात देऊन मोकळा व्हायचा. कार्यालयात त्याचं नावच साडेसात पडलं होतं.

संपादकबाईंनी महिन्यापूर्वी त्याला बोलावून स्वच्छ सांगितलं होतं. भारी गेम लोक न विचारता घेतात आणि टुकार गेम न विचारता सोडतात. लोक विचारायला येतात ते फक्त या मधल्या गेमांबद्दल, आणि नेमकं तिथेच तुम्ही कुंपणावर बसता. पुढच्या समीक्षेत स्वतःचं मत दिसलं तर कायम करते, नाहीतर तुमची जागा परत शब्दकोड्यांच्या पानावर. साडेसात तिथूनच आला होता. तिथे चार वर्षं काढल्यावर तो "आडवे तीन अक्षरी" ऐकलं तरी खोलीतून उठून जायचा.

पुढचा गेम आला तो दोन बहिणींनी केलेला होता. त्यात एक म्हातारा पियानो सुरात लावणारा एका बंद पडलेल्या नाट्यगृहात शिरतो. चौदा खोल्या, प्रत्येकीत एक पियानो, प्रत्येक पियानोची एक तार उतरलेली. कोणती ते ओळखून तार पिळायची की पुढचं दार उघडतं. पियानो सुरात लावायच्या गेममध्ये आवाजच नाही म्हटल्यावर शहाण्या माणसाने सगळ्यात आधी वायर तपासली असती. पण साडेसात शहाणा माणूस नव्हता, समीक्षक होता. मागच्या वर्षी एका गेममध्ये बटण दाबल्यावर नायक उशिरा हलतो म्हणून त्याने तो दोष धरला होता, आणि वाचकांनी त्याला धू धू धुतला होता. नायकाचं म्हातारपण दाखवायला ते मुद्दाम केलेलं होतं म्हणे. पुढे एका गेमचा पडदा पहिला तासभर काळा होता, तेही मुद्दाम. तेव्हापासून गेममध्ये काहीही कमी दिसलं की ते मुद्दाम आहे, हे त्याने गाठीला बांधलं होतं.

त्यामुळे कानात शांतता म्हटल्यावर त्याच्या अंगावर शहाराच आला होता. त्याने लिहिलं होतं: "या गेममध्ये एकही स्वर नाही. नायक बहिरा आहे. हे गेम कुठेच सांगत नाही, कारण बहिऱ्या माणसाला त्याचं बहिरेपण कोणी रोज सांगत नसतं." पियानोच्या अठ्ठ्याऐंशी पट्ट्या त्याने एकेक दाबून, एकेक तार पिळून, वहीत खुणा करून सोडवल्या होत्या. चुकलं की खोलीतला दिवा विझायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. इतरांना सहा तासांत संपणारा गेम त्याला सव्वीस तास पुरला, आणि या निर्दयपणालाही त्याने दीड परिच्छेद वाहिला होता.

"साडेतीनला माझी सुट्टी संपते," बायको म्हणाली. "तोवर ऐकून घे."

त्याने गेम सुरू केला. पहिल्याच खोलीत पियानो वाजू लागला. एक साधी चाल होती, आणि तिच्या मधोमध एक स्वर असा बेसूर की दात आंबावेत. त्याने ती पट्टी दाबली, तार पिळली, आणि चाल नीट उभी राहिली. ज्या खोलीत त्याने दोन तास डोकं आपटलं होतं तिथून तो चाळीस सेकंदांत बाहेर पडला. मग दुसरी, मग तिसरी. अकरा मिनिटांत साडेसातला दोन गोष्टी कळल्या: आपली नोकरी गेली, आणि इतकं सुंदर संगीत आपण कुठल्याच गेममध्ये ऐकलं नव्हतं. कोणती गोष्ट जास्त लागली हे त्याचं त्यालाच कळेना. डोळे मात्र भरून आले.

"फोन कर ऑफिसला," बायको हेडफोन काढून घेत म्हणाली. "सांग, चूक झाली. खाणार आहेत का तुला?"

फोन करण्यासारखा होता, पण लागण्यासारखा नव्हता. सगळ्या समीक्षकांनी एकाच वेळी, बरोबर पाच वाजता समीक्षा प्रसिद्ध करायची, असा हा गेम देताना करारच झाला होता, म्हणून या वेळी इतरांचे गुण बघायची सोयही नव्हती. समीक्षा संगणकात लावून ठेवलेली होती आणि पाचच्या ठोक्याला ती आपोआप जगासमोर जाणार होती. ती थांबवायचा अधिकार फक्त संपादकबाईंना, आणि बाई मालकांबरोबर बैठकीत, फोन बंद करून. त्याने सात वेळा लावून पाहिला आणि सरळ बस पकडली. बस प्रत्येक सिग्नलला अशी थांबत होती, जणू कोणीतरी तिला सांगून ठेवलं होतं. बसमध्ये बसून त्याने माफीचं वाक्य तयार केलं. उतरेपर्यंत त्याचा इतका कीस पाडला की त्यातून चूक नक्की कोणाची हेच कळेना.

तो पोचला तेव्हा पाचला पंचवीस कमी होते. बाईंच्या केबिनचं दार बंद होतं. बाहेरच्या खुर्चीवर बसून तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिला. पाचला दहा कमी असताना दार उघडलं, मालक हसत बाहेर पडले आणि चक्क त्याच्या पाठीवर थाप मारून गेले.

"या, बसा," बाई म्हणाल्या. गेली दोन वर्षं त्यांनी त्याला बसा म्हटलं नव्हतं. "मालकांना वाचून दाखवला मी तुमचा लेख. ते बहिऱ्या माणसाचं वाक्य मी दोनदा वाचलं. आज पहिलं पान तुमचंच."

"मॅडम, त्या लेखाबद्दलच मला..."

"घाबरलात ना? मला माहीत होतं. शेवटच्या क्षणी तुम्ही येणार आणि नऊ पूर्णांक पाचचे साडेसात करा म्हणणार. मुळीच करणार नाही." आणि त्यांनी टेबलावरून एक कागद त्याच्यापुढे सरकवला. कायम केल्याचं पत्र होतं. समीक्षक, कायमस्वरूपी. खाली सही करायची जागा कोरी होती.

सांगायला सात मिनिटं होती. "मी आवाज बंद ठेवून खेळलो," एवढंच तर वाक्य, दोन सेकंदांचं. पण तो त्या कागदाकडेच बघत राहिला. बाई बोलत होत्या, तो मान हलवत होता, आणि प्रत्येक मान हलवण्यासरशी एकेक मिनिट जात होतं. पाच वाजले. बाईंच्या संगणकावर पान पुढे आलं, आणि वर साडेसातचा लेख होता.

मग इतरांच्या समीक्षा येऊ लागल्या, आणि बाई एकेक मोठ्याने वाचू लागल्या. एकाने पाच दिले होते: संगीत गोडगोड, डोक्यात जातं. दुसऱ्याने आठ: निव्वळ संगीतासाठी खेळा. तिसरा म्हणत होता की कोडी फारच सोपी, कान असलेल्या कुणालाही सुटतील. चौथ्याला संगीत आवडलं होतं पण कमी वाटलं, पाचव्याला आवडलं नव्हतं आणि जास्त वाटलं. निम्मे इकडे, निम्मे तिकडे, सरासरी साडेसहा. तिसावी समीक्षा वाचून झाल्यावर बाईंचा आवाज मंदावला. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

"हे सगळे कोणत्या संगीताबद्दल बोलताहेत?"

साडेसातने तोंड उघडलं आणि टेबलावरचा फोन वाजला. गेम करणाऱ्या बहिणींपैकी थोरली बोलत होती. बाईंनी फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"सर आहेत का तिथे? मला त्यांचे आभार मानायचे होते," थोरली म्हणाली. आवाज थकलेला होता. "संगीत माझं आहे. तीन वर्षं लागली मला त्याला. आज तीस जणांनी त्याच्यावरच लिहिलं, कुणी चांगलं, कुणी वाईट, पण गेम बाजूलाच राहिला. तुम्ही एकट्यांनी 'एकही स्वर नाही' म्हणत, संगीत जमेस न धरता गेम वाचलात. आम्ही ठरवलंय, संगीत काढून टाकतो. धाकटी आत बसून तेच करतेय. सकाळपर्यंत होईल."

बाई त्याच्याकडे बघत होत्या. पत्र दोघांच्या मधे पडलं होतं. आता गप्प बसणं सगळ्यात सोपं होतं: संगीत निघून गेलं असतं, समीक्षा खरी ठरली असती, आणि उद्या सकाळनंतर कोणी काही सिद्ध करू शकलं नसतं. साडेसातच्या मनात हे सगळं येऊन गेलं. मग त्या पहिल्या खोलीतली चाल आठवली आणि त्याला स्वतःचीच किळस आली.

"ताई, काढू नका," तो म्हणाला. "मी संगीत ऐकलंच नव्हतं. माझ्या हेडफोनचा आवाज बंद होता. मला वाटलं गेमच तसा आहे. आज दुपारी, लेख पाठवून झाल्यावर कळलं. पहिल्या तीन खोल्या ऐकल्या आणि मला रडू आलं. धाकटीला थांबवा आधी."

बाईंनी पत्र हळूच स्वतःकडे ओढून घेतलं.

"चौदाच्या चौदा खोल्या?" थोरलीने विचारलं. "काही न ऐकता?"

"हो. एकेक पट्टी दाबून. सव्वीस तास लागले. वहीत लिहून ठेवलंय सगळं."

"आमचे बाबा पियानो सुरात लावायचे," थोरली सावकाश म्हणाली. "सहा वर्षांपूर्वी त्यांचे कान गेले. गेम त्यांच्यावरच आहे, पण त्यांना वाईट वाटेल म्हणून बहिरेपणाचा उल्लेख आम्ही कुठेच ठेवला नाही. ते स्वतः कधी चौथ्या खोलीच्या पुढे गेले नाहीत. आज तुमचा लेख वाचला आणि तेव्हापासून माझ्यामागे लागलेत, की या माणसाला विचार, चौथीतून तो बाहेर कसा पडला."

साडेसातने पिशवीतून वही काढली. "त्यांना सांगा, डावीकडून एकतिसावी पट्टी. तार उजवीकडे तीन वेळा पिळायची. दिवा फडफडेल, पण घाबरून सोडायचं नाही. चौथ्यांदा पिळली की दार उघडतं."

थोरली कागदावर लिहीत असल्याचं ऐकू आलं, मग आत जाणारी पावलं. आणि मग कुठूनतरी लांबून एका म्हाताऱ्या माणसाची आरोळी आली, ज्याला आपण किती मोठ्याने ओरडलो ते कळणं शक्य नव्हतं.

"संगीत राहू देते," थोरली परत येऊन म्हणाली. "पण ती वही मला पाठवा. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी गेममध्येच घालते."

फोन ठेवला गेला. साडेसात उठला, पिशवी खांद्याला लावली आणि दाराकडे वळला. शब्दकोड्यांच्या पानाचं टेबल कुठे हलवलंय, हे विचारावं की उद्याच शोधावं याचा तो विचार करत होता.

"कुठे निघालात?" बाई म्हणाल्या. त्या चिडलेल्या होत्या, आणि चिडलेल्या दिसत होत्या. "पहिल्या पानावर माझ्या वेबसाइटची अब्रू टांगलीत ती उतरवून कोण ठेवणार? बसा. खुलासा लिहा. काय झालं ते जसंच्या तसं, एक अक्षर न लपवता. आणि खाली नवे गुण द्या."

त्याने लिहिलं. बहिऱ्या नायकाचं वाक्य लिहिताना तो अडखळला, पण ते त्याने ठेवलं आणि आपल्याला ते कसं सुचलं तेही लिहिलं. शेवटी गुणांच्या जागी दहा लिहून कागद बाईंपुढे केला.

"दहा?" बाईंनी भुवया वर केल्या. "बाकीच्यांची सरासरी साडेसहा आहे."

"ऐकलेत मी सगळे."

"आवाज ऐकून तुम्ही खेळलात किती वेळ?"

"अकरा मिनिटं."

"अकरा मिनिटांवर दहा गुण?"

"आधीचे सव्वीस तासही धरा ना मॅडम," तो म्हणाला. "आवाज नसतानाही मला तो मधेच सोडून द्यावासा वाटला नव्हता."

बाईंनी खुलासा बाजूला ठेवला. मग त्यांनी पत्र परत पुढे ओढलं, त्यातला "कायमस्वरूपी" शब्द खोडून वर "सहा महिने, बघू" असं लिहिलं, आणि सही केली.