उस्मान मिस्त्रींची तपासणी

कोणत्याही यंत्राला हात लावण्याआधी उस्मान मिस्त्री त्याची विचारपूस करत. जिनिंगचं इंजिन असो, शिवणयंत्र असो, नाहीतर पिठाची चक्की, समोर उकिडवे बसायचे, टोपी सारखी करायचे आणि म्हणायचे, “बोल बाई, का झालं तुले?” घरच्यांनी तेवढा वेळ बाहेर थांबायचं. “परक्यासमोर दुखनं सांगत नाई ते.”

दिग्रसमधली सगळी दुखणी त्यांच्याकडे जात. आमच्याकडचं मात्र थेट विलायतेहून आलं होतं. साठ-एकसष्टची गोष्ट. धाकटे दीर शिकून परतले, ते भांडी धुण्याचं यंत्र घेऊनच. अख्खा मोहल्ला ते बघून गेला. आठच दिवसांत यंत्र रुसलं. भांडी धुवायचं, पण खरकटं पाणी बाहेर सोडेना. पोटात धरून बसलं. दिरांनी सोबतचं पुस्तक तीनदा वाचलं. शेवटी सासूबाई म्हणाल्या, “पुस्तक ठेव अन् मिस्त्रीले बलाव.”

मिस्त्रींनी आम्हाला ओसरीवर काढलं. आम्ही दारातून बघत होतो. विचारपूस झाली. बटण दाबून त्यांनी कान लावला. “मोटर गुरगुरून राह्यली. म्हंजे जीव हाय.” मग वायर काढली, लोट्यानं पाणी उपसलं, मागची नळी सोडवली. दिरांना राहवेना. ते आत जाऊन नळीच्या दुसऱ्या टोकात डोकावले, आणि नेमकी तेव्हाच मिस्त्रींनी फुंक मारली. विलायती शर्टावर कालची आमटी उमटली.

“गळा साफ हाय,” मिस्त्री शांतपणे म्हणाले.

तळाची जाळी एका बाजूनं उचललेली निघाली. तिच्याखालचा, पाणी बाहेर ढकलणारा पंखा त्यांनी खोलला. पात्यात चिंचोका घट्ट बसला होता. तो तळहातावर घेऊन त्यांनी दिरांपुढे धरला. “भाऊ, तिकडे चिंच खात नसन कोनी.”

जोडजाड झाली. पाणी खळखळत मोरीत गेलं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

“थांबा, तपासनी बाकी हाय,” मिस्त्री म्हणाले. “खरी खरकटी भांडी पायजेत. कोऱ्या ताटानं का समजन?”

मग भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा झाला. मिस्त्रींनी आमच्यात बसून आपलं ताट मन लावून खरकटं केलं. पुढच्या शुक्रवारी नमाज आटोपून पुन्हा आले. “जरा तपासतो.” त्याच्या पुढच्या शुक्रवारीही. भाजी आवडली, तर तपासणी दोनदा होई.

महिन्याभरानं दीर हसत म्हणाले, “चाचा, मशीन तं मस्त चालते. मंग कायले तपासता?”

मिस्त्रींचा घास हातातच राहिला. ते उठायला लागले.

“बसा,” सासूबाई म्हणाल्या. “त्याले का समजते?”

मिस्त्री बसले. “माय, पोरगा हैदराबादले गेला. त्याची आई गेल्यापासून एकट्यासाठी चूल पेटवाले मन होत नाई.”

सासूबाईंनी गरम भाकरी वाढली. दीर मान खाली घालून जेवले.

पुढच्या शुक्रवारी मिस्त्री आले नाहीत. दुपार कलली तशी दिरांनी सायकल काढली आणि थेट त्यांचं दुकान गाठलं.

“चाचा, लवकर चला. मशीन लई बिघडली.”

मिस्त्री हत्यारांची पिशवी घेऊन मागं बसून आले. त्या दिवशी सकाळपासून वीजच नव्हती.